टिबुकली बुडत नाहीये, तिची अंडी जागेवर ठेवा

ताईच्या फॅमिली ग्रुपवरून तो मेसेज भाच्यापर्यंत पोचला आणि चौथीतलं पोरगं गावाबाहेरच्या पाझर तलावात गुडघाभर पाण्यात उतरलं. परत आलं ते टिफिनच्या डब्यात दोन अंडी घेऊन. आता ती अंडी कापसात, टेबललॅम्पखाली.

मेसेज थोडक्यात असा: तलावात दिसणारी बिनशेपटीची छोटी तपकिरी बदकं म्हणजे आईपासून चुकलेली पिल्लं. ती बुडतात, भुकेने स्वतःचीच पिसं खातात, उडताही येत नाही. कुजक्या शेवाळाखाली 'टाकून दिलेली' अंडी दिसली तर घरी आणून उबवा.

आधी अंड्यांचंच बोलू, कारण बाकी अज्ञान आहे, हा मात्र सरळ घात आहे. मेसेजसोबतच्या फोटोतला पक्षी टिबुकली, काही जण पाणडुबी म्हणतात. तिचं घरटं म्हणजे पाणवनस्पतींचा ओला, तरंगता ढीग, लव्हाळ्याला अडकवलेला. कोणी जवळ येतंय असं दिसलं की ती चोचीने चार-दोन झटक्यांत कुजका पाला अंड्यांवर ओढते आणि आवाज न करता पाण्यात सटकते. अंडी झाकलेली असणं हीच ती टाकून न दिल्याची खूण! मुळात पांढुरकी अंडी त्या पाल्याने डागाळून मळकट तपकिरी होतात, म्हणून मेसेजवाल्याला ती 'सडकी' दिसली. नर-मादी आळीपाळीने वीसेक दिवस उबवतात. भाचा तलावात होता तेव्हा आई दहा हातांवर लव्हाळ्यात फक्त डोकं वर काढून बसली असणार.

आणि कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं येतं. बंदूक लागत नाही, टिफिनचा डबा पुरतो.

आता 'बुडतात'. अहो, ती बुडी मारते! पाय पार मागे, बोटांना पाकळ्यांसारख्या झालरी. पाण्याखाली होडीच्या पंख्यासारखे चालतात. दहा-वीस सेकंद मोजा, भलतीकडेच वर येईल, कधी चोचीत मासोळी घेऊन.

पिल्लू तर नाहीच. तांबूस गाल-गळा आणि चोचीच्या बुडाशी फिकट पिवळा ठिपका म्हणजे विणीच्या हंगामातला प्रौढ पक्षी. चोच टोकदार, हळदी-कुंकू बदकाची चपटी चोच आठवा. खरी पिल्लं पट्टेरी असतात आणि आईबापाच्या पाठीवर बसून फिरतात. शेपटीच्या जागी जन्मभर नुसता गोंडाच.

पिसं खातात हे खरं, पण भुकेने नाही. माशांचे काटे पोटाला टोचू नयेत म्हणून, असं मानतात. पिल्लांनाही भरवतात.

उडण्याबद्दल अर्धं मान्य करतो. दिवसा ती पाण्यावरून फडफडत धावते, लांबचा प्रवास रात्री करते. जमिनीवरून मात्र उडणं जवळपास अशक्यच. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात हिचे चुलतभाऊ, काळ्या मानेचे हजारो पक्षी, बर्फाळ पार्किंगला तलाव समजून वादळात खाली आदळले. वाचलेल्यांना माणसांनी उचलून पाण्यात सोडलं. रस्त्यावर टिबुकली सापडली तर वनविभागाला कळवा. तो प्रसंग वेगळा, तलाव वेगळा.

ताई, आधी अंडी. लव्हाळ्याची ती जागा भाच्याला नक्की आठवते का, एवढं विचार. मी निघालोय.