फारो कळसूत्री बाहुली नव्हता

बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो इस्राएली गुलामांना सोडायला नकार देतो. त्या कथेबद्दल एक दावा सतत फिरत असतो: ‘देवानेच फारोचं मन कठीण केलं आणि त्या कठीणपणाची शिक्षा म्हणून मिसरवर दहा पीडा आणल्या. म्हणजे फारो नुसती कळसूत्री बाहुली होता.’ ऐकायला बिनतोड वाटतं. कथा सलग वाचली की टिकत नाही.

‘पहिल्यापासून सगळं देवानेच केलं.’ देव इस्राएली लोकांचा नेता मोशे याला आधीच सांगतो की मी फारोचं मन कठीण करीन (अध्याय ४, वचन २१; तसंच ७:३). हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण पुढे घडतं काय ते क्रमाने पाहा. एकही पीडा आलेली नसताना, पाचव्या अध्यायात, फारो विचारतो की हा परमेश्वर कोण, की मी त्याचं ऐकावं? त्याच दिवशी तो विटा पाडणाऱ्या गुलामांचा पेंढा बंद करतो. विटा मात्र पूर्वीइतक्याच हव्यात. मग नदीचं रक्त होतं, बेडूक, उवा, गोमाश्या, जनावरांवर मरी. या पाचही वेळा मजकूर एवढंच म्हणतो की फारोचं मन घट्ट राहिलं, किंवा त्याने स्वतः ते जड केलं. बेडूक हटावेत म्हणून तो विनवण्या करतो आणि जरा उसंत मिळाली की शब्द फिरवतो. पीडेनंतर ‘परमेश्वराने त्याचं मन कठीण केलं’ असं पहिल्यांदा येतं ते सहाव्या वेळी, गळवांच्या पीडेत (९:१२). त्यानंतरही, गारा पडल्यावर तो ‘मी पाप केलं’ म्हणतो, आणि गारा थांबताच पुन्हा आपणच मन जड करतो (९:३४).

‘देवाने मन कठीण केलं की माणसाची निवड संपली.’ १०:१ मध्ये देव म्हणतो, मी फारोचं आणि त्याच्या सेवकांचंही मन कठीण केलं आहे. सहाच वचनांनंतर सेवक राजाला सुनावतात: या लोकांना जाऊ द्या, मिसरचा नाश झालाय हे अजून कळत नाही का? ज्यांची मनं कठीण केली, त्या दरबाऱ्यांना बोलता आलं. मग राजालाच काय अडचण होती?

ही शंका आजची नाही. शेमोत रब्बा या मिद्राशात, म्हणजे निर्गमावरच्या जुन्या यहुदी भाष्यात, रब्बी (यहुदी धर्मगुरू) योहानान तीच उपस्थित करतात. दुसरे रब्बी रेश लाकिश उत्तर देतात की वारंवार इशारा देऊनही माणूस ऐकत नाही, तेव्हा देव त्याच्या पश्चात्तापाचं दार लावतो. बाराव्या शतकात यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिदीसनेही हीच बाजू मांडली. मला मात्र सोळाव्या शतकातल्या इटलीतल्या यहुदी भाष्यकार स्फोर्नोचं म्हणणं जास्त पटतं: देवाने फारोला पीडा सोसायचं बळ दिलं, म्हणजे नुसत्या वेदनेपायी तो शरण येऊ नये, मनापासून वळायचं असेल तर वाट मोकळीच होती.

या अर्थाला मजकुरातच आधार आहे, आणि तिसरा आक्षेप तिथेच निकालात निघतो. ‘मन घट्ट होणं म्हणजे दुष्टपणा.’ मूळ हिब्रूत ‘मन’ या जागी ‘हृदय’ हा शब्द आहे, आणि हिब्रूतलं हृदय हे विचार आणि निर्णय यांचंही ठिकाण आहे. फारोच्या कथेत सगळ्यात जास्त वेळा येणारं क्रियापद ‘हाझाक’, म्हणजे बळकट होणं. मोशेचा वारस यहोशवा याला ‘खंबीर हो, हिंमत धर’ असं सांगताना तेच येतं. २७व्या स्तोत्राच्या शेवटी भक्ताला धीर देतानाही तेच. त्याच्या जोडीचं ‘आमात्स’ हेशबोनचा राजा सीहोन याच्या हट्टासाठी वापरलं आहे (बायबलमधलं अनुवाद हे पुस्तक, २:३०). धैर्य आणि हट्ट एकाच ताकदीतून येतात, आणि ती ताकद कशासाठी खर्ची घालायची हे माणसाकडे राहतं.

हिब्रू शास्त्र स्वतः दोष कुणाला देतं, तेही पाहा. १ शमुवेल ६:६ मध्ये इस्राएलचे शत्रू पलिष्टी यांचे पुरोहित आपल्या लोकांना विचारतात: मिसरी लोकांनी आणि फारोने आपली मनं जड केली तशी तुम्ही का करता? आणि अनुवाद १५:७ मध्ये तेच ‘आमात्स’ नियमात येतं: तुझा भाऊ गरीब असेल तर त्याच्याविरुद्ध आपलं मन घट्ट करू नकोस, हात आखडू नकोस. जे माणसाच्या हातात नाही, त्याची मनाई कुठलाही नियम करत नाही.