शेअर घेतला म्हणजे संशोधनाला पैसा दिला?

बेळगावच्या उद्यमबागेत टर्निंगचं जॉबवर्क करणाऱ्या आमच्या दाजींना एक फॉरवर्ड आलाय. नव्या सीएनसी मशिनसाठी बाजूला काढलेले पैसे ते आता शेअरात घालायला निघालेत, म्हणून हे लिहायला बसलो. फॉरवर्ड म्हणतो: शेअर घेतला की आपला पैसा थेट कंपनीच्या संशोधनात जातो, परदेशी कंपनीशी करार झाला की नफा पक्का, करार करणारी छोटी कंपनी शेवटी गिळली जाते, आणि अस्सल कंपनी बँकेच्या कर्जावर संशोधन करते. दुसरा आणि तिसरा मुद्दा एकमेकांच्या उरावर बसलेत, ते लिहिणाऱ्याला दिसलेलं नाही.

घातक आहे तो पहिला. बाजारात शेअर घेता तेव्हा पैसा जातो विकणाऱ्याला. तो सुरतेत असेल नाहीतर शहापुरात. कंपनीच्या तिजोरीत त्यातला रुपया येत नाही. कंपनीला मिळतो तो नवे शेअर काढल्यावर. आयपीओतला, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते त्यातलाही, सगळा नाही. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या आपल्या हत्तरगीच्या एक्वसचंच बघा. डिसेंबर 2025 चा आयपीओ सुमारे 922 कोटींचा. त्यातले 670 कोटी नव्या शेअरांचे, म्हणजे कंपनीचे; बाकीचे जुन्या भागधारकांचे शेअर विकले गेले, त्यांचे. आणि त्या 670 मधलाही मोठा भाग कर्जफेडीसाठी होता. पैसा कशाला वापरणार हे माहितीपत्रकात छापलेलं असतं. पण ते कोण वाचतो, फॉरवर्ड आहे की!

बँकेचं म्हणाल, तर बँक शेड आणि मशिन तारण घेते. अजून न बनलेलं औषध कोण गहाण घेणार? त्यासाठी भागीदार आणि भागभांडवलच लागतं. अमेरिकेतल्या जेनेनटेक या जैवतंत्रज्ञान कंपनीनं 1978 मध्ये इन्सुलिनसाठी एलाय लिली या औषध कंपनीशी करार केला, 1980 मध्ये आयपीओतून साडेतीन कोटी डॉलर उभे केले, आणि 1982 मध्ये ते इन्सुलिन मंजूर झालं.

करार म्हणजे नफा, हेही थोतांड. कोविड लशीसाठी फायझर आणि बायोएनटेक या कंपन्यांचा 2020 चा करार 74.8 कोटी डॉलरपर्यंतचा. सुरुवातीला द्यायचे होते 18.5 कोटी, बाकीचे पुढचे टप्पे गाठले तरच.

गिळण्याचं मात्र थोडं खरं आहे, मान्य. जेनेनटेकनं इंटरफेरॉन या औषधासाठी रोश या स्विस औषध कंपनीशी हात मिळवला होता. त्याच रोशनं 1990 मध्ये बहुतांश हिस्सा आणि 2009 मध्ये उरलेली कंपनीही घेतली.

फॉरवर्डच्या तळाला ‘लिस्टिंगआधीचे (बाजारात येण्याआधीचे) शेअर मिळतील’ म्हणून मोबाईल नंबर आहे. दाजी, फोन करणारच असाल तर त्याला एवढंच विचारा: हे शेअर कंपनी नवे काढतेय, की कुणाचे तरी जुने तू आमच्या गळ्यात मारतोयस?