‘एक चादर पुरते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

थंडी पडली की साताऱ्यातल्या ग्रुपांवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘पहिल्यांदाच कॅम्पिंगला निघालात? बॅग हलकी ठेवा. एक चादर, एक पाण्याची बाटली आणि मोबाईलची टॉर्च पुरते. थंडी वाजली तर शेगडी तंबूत घ्या. साप येऊ नये म्हणून तंबूभोवती मीठ टाका.’ मी नवख्या मंडळींना घेऊन कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी, बामणोलीला जातो. ‘बॅग हलकी ठेवा’ एवढंच मला मान्य आहे.

आधी शेगडी, कारण ते जिवावरचं आहे. कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. विझत आलेले निखारेसुद्धा तंबूत नकोत. चेन थोडी उघडी ठेवली तरीही नकोत.

आता चादर. जानेवारीत आमच्याबरोबर आलेला एक कॉलेजचा पोरगा पहाटे तीनला चुलीच्या राखेत हात घालून बसलेला दिसला. चादर दुहेरी करून पांघरली होती, खाली मात्र तंबूचं नुसतं कापड. अंगावरची चादर कोरडी आणि पाठ बर्फासारखी गार. आम्ही त्याच्याखाली मॅट टाकली, त्यावर तीच चादर अंथरली आणि वरून घोंगडं दिलं. आठ वाजता हाका मारून उठवावं लागलं! थंडी खालून येते, हे नवख्यांना कुणी सांगतच नाही. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. शिवाय रात्री गार हवा डोंगरउतारावरून खाली काठावर येऊन साचते, आणि आपल्याच श्वासाचं दव तंबूला आतून धरतं. सुती कापड ते पितं आणि गारठतं. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब देते. आपले माणदेशी मेंढपाळ उघड्या माळावर घोंगड्यावर का भिस्त ठेवतात, ते इथे कळतं. कानटोपी आणि झोपताना घालायचे कोरडे मोजे वेगळे बांधून ठेवा.

मिठाने साप अडत नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश कधीकधी जाणवतही नाही. म्हणून तंबूची चेन पूर्ण लावा, बूट आत घ्या, सकाळी झटकूनच घाला. आणि रात्री लघवीला उठताना डोक्याला लावायची टॉर्च हवी. मोबाईल हातात धरून चेन उघडायची कशी? डोंगराआड रेंज शोधत त्याची बॅटरीही लवकर उतरते.

पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरा, स्वयंपाकाचं वेगळं. समोर शिवसागर पसरलेला असला तरी ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

मग बॅग हलकी व्हायची कशी? वाटून घेऊन. दहा जणांत दहा सुऱ्या, दहा टूथपेस्टी येतात आणि प्रथमोपचाराची पेटी एकाकडेही नसते, हे मी दरवेळी बघतो. पातेलं एकाकडे, दोरी दुसऱ्याकडे, औषधं तिसऱ्याकडे, असं आधी ठरवा. जास्तीची जीन्स घरी ठेवा. ती जड असते आणि भिजली की दोन दिवसांत वाळत नाही.

शनिवारी निघायचं असेल तर गुरुवारी रात्री तेच अंथरूण-पांघरूण घेऊन घराच्या गच्चीवर झोपून बघा. पहाटे कुडकुडत जाग आली, तर आणखी एक घोंगडं बॅगेत टाका.