विरोध करायचा तर समोर बसून करा

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांबणार आहे.

आमच्या गल्लीतला एक मुलगा मतदार यादीच्या कामासाठी घरी आला होता. चांगला मुलगा, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला, हल्ली भाजपचं काम करतो. आई चष्मा लावून त्याला एकेक नाव सांगत होती. हे गेले, ही लग्न होऊन पुण्याला, या घरातले सगळे आता सुदामानगरला राहतात. बोलता बोलता विषय ताईंवर, म्हणजे इंदूरच्या माजी खासदार सुमित्रा महाजनांवर आला आणि तो सहज म्हणाला, "काकू, तीस तीस वर्षं एकच माणूस असेल तर बाकीच्यांनी करायचं काय? २०१९ला हटवलं ते बरंच झालं."

आई काही बोलली नाही. उठली आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली. तिची ती पाठमोरी आकृती संध्याकाळपर्यंत माझ्या डोळ्यांसमोरून हललेली नाही.

हटवलं! इंदूरमध्ये ज्यांचं आडनाव कोणाला सांगावं लागत नाही, नुसतं 'ताई' म्हटलं की रिक्षावाल्यालाही कळतं, त्यांच्यासाठी हा शब्द? चिपळूणची मुलगी, लग्न होऊन या गावात आली, उपमहापौर झाली, विधानसभेला हरली, तरी घरी बसली नाही. १९८९ साली समोर प्रकाशचंद्र सेठी होते, मुख्यमंत्रिपद आणि देशाचं गृहमंत्रिपद भूषवलेले. त्यांना हरवलं. तिथपासून २०१४पर्यंत सलग आठ वेळा हीच सीट, आणि मग लोकसभेचं अध्यक्षपद. आपल्या रामबाग-नारायणबागेतल्या बायकांना त्या खुर्चीवर आपल्यातलं कोणी बसलेलं पाहून काय वाटलं होतं, ते तुम्हाला मी नव्याने सांगायला नको.

आईने १९८९पासून ताईंच्या प्रत्येक निवडणुकीत मतदारांच्या नावाच्या पर्च्या लिहिल्या. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे तिचा. त्यात कार्बन पेपर, रबरबँड, लाल-निळी पेन्सिल आणि गल्लीची घरवार वही. निवडणूक आली की डबा माळ्यावरून खाली यायचा. २०१९च्या मार्चमध्येही आला. देवघराच्या बाजूला ठेवला होता, आणि ती रोज टीव्हीसमोर बसून उमेदवारांच्या याद्या ऐकायची. एक यादी आली, दुसरी आली. आजूबाजूच्या जागांची नावं लागली. इंदूरचं नाव काही येईना. "आज येईल बघ," असं रोज म्हणायची आणि डबा पुसून परत जागेवर ठेवायची.

माझा राग आहे तो या ताटकळत ठेवण्यावर. नव्या लोकांना जागा मिळाली पाहिजे हे मला कळत नाही असं नाही. २००९ला जेमतेम अकरा-साडेअकरा हजार मतांनी सीट वाचली होती, हेही आठवतंय. 'योग्य वेळी योग्य माणसाला इंदूरची चावी देईन' असं ताई म्हणत राहिल्या, ती वेळ त्यांनी स्वतःच थोडी आधी गाठायला हवी होती, हेसुद्धा चला, मान्य. पण मग पक्षातल्या ज्यांना त्या नको होत्या, त्यांनी समोर बसून सांगायचं होतं. 'ताई, आता पुरे, आम्हाला दुसरं नाव हवंय.' एवढंच वाक्य. पक्षातलेच जुने नेते सत्तन गुरुजी तरी उघड बोलले, यांना तिकीट दिलं तर मी अपक्ष उभा राहीन म्हणून. तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. आज वाटतं, निदान तोंडावर बोलणारे तेवढेच होते. बाकीचे? समोर वाकून नमस्कार आणि आतून खेळी.

शेवटी ५ एप्रिलला ताईंनीच पत्र लिहिलं. अजून निर्णय का होत नाही, कदाचित तुम्हाला संकोच वाटत असेल, तर मी निवडणूक लढवत नाही, तुम्ही मोकळ्या मनाने ठरवा, अशा अर्थाचं. आठवड्यावर वाढदिवस आलेला, ७६ पूर्ण होणार होती. लोकसभेच्या अध्यक्षीण बाईला आपल्याच माणसांचा संकोच स्वतःच्या हाताने दूर करून द्यावा लागला! तिकडे मुरली मनोहर जोशीजींनाही लढू नका असा निरोपच गेला होता, कानपूरच्या मतदारांना त्यांनी तसं कळवलं. अडवाणीजींच्या गांधीनगरला दुसरं नाव आलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, असा नियम म्हणे. नियम असेल तर तो आधी सांगा ना, याद्या निघायच्या वर्षभर आधी, माणसाला घरी बोलावून, पाट मांडून.

आणि समोरून आव्हान दिलं म्हणून काही पक्ष बुडत नाही. ब्रिटनमध्ये १९९० साली थॅचरबाईंचं काय झालं होतं? ११ वर्षं पंतप्रधान, तीन निवडणुका जिंकलेल्या. त्यांच्याच पक्षाचे हेझलटाइन पक्षाच्या नेतेपदासाठी उघड समोर उभे राहिले, खासदारांनी मतं टाकली. २०४ विरुद्ध १५२. जास्त मतं मिळूनही नियमाप्रमाणे जेवढी आघाडी लागायची त्याला ४ मतं कमी पडली, आणि दोन दिवसांत बाईंनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. निर्दय वाटतं, आहेच. पण कोण आपल्याबरोबर आहे आणि कोण नाही, ते त्यांना आकड्यात कळलं. आमच्याकडे कोणाला काही कळतच नाही. ना ताईला, ना डबा पुसणाऱ्या माझ्या आईला.

ज्या दिवशी ते पत्र आलं, त्या दिवशी आई गहू निवडत होती. टीव्हीवर खाली पट्टी सरकली. तिने ती वाचली, ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि परत निवडायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "फोन करू का गं ताईला? पण काय बोलू?" केला नाही.

ज्यांना वाटतं की जुनी माणसं नुसती जागा अडवतात, त्यांनी २०२४ आठवावं. समोरच्या काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि सगळे पेढे वाटत होते, तेव्हा हे बरोबर झालं नाही असं उघड बोलल्या त्या ताईच. मग इंदूरमध्ये 'नोटा'ला, म्हणजे 'यांपैकी कोणीही नको' या बटणाला, २,१८,६७४ मतं पडली. पक्षात राहून पक्षाला असं सांगणारं माणूस हवं असतं हो. ते एका दिवसात तयार होत नाही.

लिहिता लिहिता त्या मुलावरचा राग मात्र उतरला. त्याला कोणी सांगितलंच नाही तर त्याला तरी काय माहीत. २०१९च्या १९ मेला, नव्या उमेदवारासाठी, आई सकाळी सात वाजता इस्त्रीची साडी नेसून बूथबाहेर टेबलावर बसली होती. मी चिडून म्हटलं होतं, आता कशाला जातेस? तर म्हणाली, "पर्च्या माझ्याच हातच्या आहेत, लोक मलाच शोधतील."

आज चहा देऊन झाल्यावर तिने माळ्यावरचा डबा त्या मुलाला काढायला लावला. घरवार वही त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "फोटो काढून घे सगळ्या पानांचे. वही मात्र इथेच राहू दे." तासभर दोघं पान पान उलटत बसले होते.