बहिरमच्या रस्त्यावर ब्रेक गेले त्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

भाऊ, नमस्कार.

सगळ्यात आधी एक विनंती, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. ती गाडी आता हलवू नका. वावरापर्यंतही नाही. टाकीत नवं ब्रेक ऑइल भरलं आणि पॅडल पुन्हा कडक लागलं, तरीही नाही.

तुम्ही एक तारा दिला आणि लिहिलं, ते इथे वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमची २००४ सालची मारुती ८००. पावसाळाभर टिनाच्या शेडमध्ये उभी होती, डिसेंबरात बाहेर काढली तर मागच्या डाव्या चाकाच्या आतून तेल झिरपत होतं. तुम्ही आमच्याकडून व्हील सिलिंडरचं (चाकातले ब्रेक दाबणारा सिलिंडर) रबर किट आणि ब्रेक ऑइलची २५० मिलीची बाटली नेली, घरी अंगणात चाक उघडलं, रबर बदललं, ब्रेकच्या पाइपांतली हवा काढली. चार-पाच दिवस गाडी बरी चालली, मग जड चालायला लागली. त्यानंतर घरच्यांना घेऊन बहिरमच्या यात्रेला निघालात आणि रस्त्यात पॅडल थेट खाली गेलं. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत तुम्ही गाडी कडेला घेतली. दुसऱ्या दिवशी फुगलेलं रबर कागदात गुंडाळून दुकानात आलात, तर मी म्हणालो, "घरी उघडलंच काहून?" तुमचं म्हणणं, की दुकानानं डुप्लिकेट किट दिली आणि वरून तुम्हालाच बोल लावला.

यातलं बोल लावल्याचं खरं आहे. मी तसं बोललो आणि ते चुकलं. ज्याच्या गाडीत बायको-लेकरं बसलेली असताना ब्रेक गेले, त्याला आधी पाणी विचारायचं असतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आणि ते वाक्य मुळातच चुकीचं होतं. आमच्या भागात मोटरपंप, स्प्रे पंप, ट्रॅक्टर सगळं माणूस स्वतः उघडतो, कारण मिस्त्री यायची वाट पाहिली तर ओलित राहून जातं. गाडीचं चाकही घरी उघडता येतं. तुमचं काम मी रबरावरून पाहिलं: ओठाची (ऑइल अडवणाऱ्या कडेची) बाजू बरोबर होती, कुठे स्क्रू ड्रायव्हरची खरोच नव्हती. हात साफ आहे तुमचा.

किट मात्र डुप्लिकेट नव्हती. आणि तरीही चूक आमच्या दुकानाची आहे. ती कशी, ते मला तुम्ही गेल्यावर कळलं.

तुम्ही काउंटरवर ठेवून गेलेलं रबर मी रात्री नव्याच्या शेजारी ठेवून पाहिलं. तुमचं रबर सगळीकडून सारखं मोठं झालं होतं, दाबलं तर लिबलिबीत. घासून खराब झालेलं रबर असं दिसत नाही, त्याच्या ओठावर रेघा पडतात, ते झिजतं. सारखं फुगलेलं रबर म्हणजे त्याला नको ते तेल लागलेलं असतं. मग भाच्याला विचारलं, कारण तुम्ही किट नेली त्या शनिवारी काउंटरवर तो होता. तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला, संध्याकाळी तुमचा फोन आला होता. हवा काढता काढता २५० मिली ऑइल संपलं, आणि तुम्ही विचारलं, "घरी ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल आहे, तेवढं टाकू का?" त्यानं सांगितलं, "टाका, हायड्रॉलिकच तर आहे."

भाऊ, तुमचे ब्रेक त्या एका वाक्यानं गेले. फोन तुम्ही केला होता, म्हणजे तुम्ही खात्री करून घेतली होती. चुकीचं उत्तर आमच्याकडून आलं.

भाच्याला पाठीशी घालायचं म्हणून हे लिहीत नाही, पण ही चूक कशी होते ते गावात सगळ्यांना कळायला पाहिजे. तो घरी ट्रॅक्टर चालवतो. ट्रॅक्टरची लिफ्ट ज्या तेलावर उचलते त्याला आपण हायड्रॉलिक ऑइल म्हणतो. नव्या ट्रॅक्टरला 'ऑइल ब्रेक' असतात, त्यांच्या डिस्क त्याच गिअरबॉक्सच्या तेलात बुडालेल्या असतात. कारचे ब्रेकही हायड्रॉलिक, त्यातही ऑइल. नाव एक, काम सारखं, पण तेल पार वेगळं. ट्रॅक्टरचं तेल खनिज, म्हणजे इंजिन ऑइलच्या घराण्यातलं. कारचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलपासून बनतं, बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, आणि खरं पाहता त्याला ऑइल म्हणायलाच नको, ते पाण्यात विरघळतं. कारच्या ब्रेकमधली रबरं या ग्लायकॉलसाठीच घडवलेली असतात. त्यांना खनिज तेल लागलं की ती ते पितात आणि फुगतात.

मी दोन काचेच्या पेल्यांत आमच्याच किटमधली दोन नवी रबरं टाकली. एकात ब्रेक ऑइल, एकात ट्रॅक्टरचं तेल. दोन दिवसांनी पहिलं होतं तसंच निघालं, दुसरं सिलिंडरच्या तोंडात शिरेना. दोन्ही पेले दुकानात ठेवले आहेत, या आणि पाहा.

गाडी आधी जड का झाली तेही यातच आहे. मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पॅडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरमध्ये, एक अगदी बारीक छिद्र असतं. पॅडलवरून पाय काढला की जादा ऑइल त्यातून टाकीत परत जातं. मास्टरमधलं रबर फुगलं की ते छिद्र झाकतं, दाब आत अडकतो, ब्रेक पूर्ण सुटत नाहीत. शू ड्रमला घासत राहतात, चाक तापतं, गाडी ओढल्यासारखी वाटते. त्या दिवसांत चाकाजवळ हात नेला असता तर चटका लागला असता. पुढे त्याच रबराच्या ओठाचा आकार बिघडतो, तो ऑइल अडवत नाही, आणि पॅडल खाली जातं. म्हणून कोणाचीही गाडी जड चालायला लागली की तिथेच थांबा. ब्रेक जायच्या आधी ते सांगून जातात, आणि तुमच्या गाडीनं सांगितलं होतं. ते ओळखायचं कसं, हे तुम्हाला किट देताना आम्ही सांगितलं नाही.

आता तुमच्या घरी एक परीक्षा करा, दोन मिनिटांची. बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढा, झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालंय का पाहा. मग पिचकारीनं टाकीतलं चमचाभर ऑइल काढून पेलाभर पाण्यात सोडा. नुसतं ब्रेक ऑइल असेल तर पाण्यात मिसळून जाईल. वर तवंग तरंगला तर खनिज तेल आहे. तो पेला, ती पिचकारी नंतर घरात वापरू नका, ब्रेक ऑइल विषारी असतं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलून येतो.

तवंग दिसला (आणि तो दिसेल असं मला वाटतं), तर मागचं एक चाक पुन्हा उघडून भागणार नाही. ते तेल मास्टरपासून चारही चाकांपर्यंत फिरलेलं आहे. मास्टरची रबरं, मागचे दोन्ही व्हील सिलिंडर, पुढच्या कॅलिपरची सीलं, रबरी होज पाइप, टाकीच्या झाकणाचं रबर, सगळं बदलावं लागेल, आणि लोखंडी पाइप आतून साफ करून कोरडे करावे लागतील. मागचे लायनर (शूवरचा घासणारा थर) तेलानं भिजले असतील तर तेही दोन्ही बाजूंचे. काही जण लायनरवर पेट्रोल टाकून जाळतात आणि परत बसवतात. तेल आत मुरलेलं असतं, तापलं की पुन्हा वर येतं, आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला खेचते.

हा सगळा माल आमच्याकडून, मजुरीही आमची. पहिल्या बिलाचे पूर्ण पैसे परत. हे तुमचा तारा बदलण्यासाठी नाही, लिहिलेलं तसंच राहू द्या.

अजून एक चूक माझ्या धोरणाची आहे, भाच्याची नाही. आम्ही वर्षानुवर्षं नुसतं किट विकत आलो, सिलिंडर न पाहता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली आणि ऑइल अनेक वर्षं बदललेलं नसेल, तर ते पाणी सिलिंडरला आतून गंज चढवतं. आतली भिंत बोटानं चाचपली आणि खड्डे लागले, तर कितीही चांगलं रबर टाका, ते गळणारच. अशा वेळी आख्खा सिलिंडरच बदलायचा, घासत बसायचं नाही. तुमचा सिलिंडर आतून कसा आहे हे कोणी विचारलंच नाही. चूक तेलाची नसती, तरी बहुतेक गंजामुळे ते रबर पावसाळ्यापर्यंत टिकलं नसतं. आता काउंटरवर आधी हेच विचारतो, आणि हवा काढणार असाल तर २५० मिलीची बाटली देत नाही. सगळं जुनं ऑइल काढून नवं भरायचं तर एक लिटर हाताशी पाहिजे. अर्ध्यात संपलं की माणूस घरात जे सापडेल ते ओततो.

पाणी शोषण्याची गोष्ट घाटात जाणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. डॉट ३ चं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच उतरणारे पुष्कळ आहेत. तापलेल्या चाकात ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि गळती कुठेच नसताना पॅडल खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. झाकण उघडून वर्षभर फळीवर पडलेली अर्धी बाटली वापरू नका. ज्यांच्या जुन्या गाडीला पॉवर स्टेअरिंग आहे त्यांच्यासाठी उलट सांगतो: त्याच्या टाकीत ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, तिथली रबरं खनिज तेलासाठी घडवलेली असतात, ती ग्लायकॉलनं नासतात.

तुम्हाला पुढे कधी घरी हवा काढायची असेल तर तुमची पद्धत ठीकच होती, दोन गोष्टी फक्त. पॅडल मारणाऱ्यानं दाबून धरायचं, चाकाजवळचं हवा सोडायचं निप्पल बंद झाल्याचं सांगितल्यावरच पाय काढायचा. आणि टाकी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर सगळी हवा परत आत. रबर आणि सिलिंडर धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल नको. ताजं ब्रेक ऑइलच घ्या. आणि फोटोत गाडीखाली विटा दिसल्या. ते करू नका भाऊ. वीट भार पडला की सांगता न येता फुटते. मागचा ड्रम काढायला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणजे गाडी तेवढ्यापुरती मोकळीच असते. लाकडाचा जाड ओंडका किंवा लोखंडी स्टँड ठेवा.

गुरुवारी सकाळी मी आणि आमचे मिस्त्री सामान घेऊन तुमच्याकडे येतो, गाडी टोचन करून आणण्यापेक्षा ते बरं. भाचाही येईल, तुमच्याशी त्याला स्वतः बोलायचं आहे. दुसरा दिवस सोयीचा असेल तर दुकानात कळवा, आता फोन मीच उचलतो. तोवर गाडी अंगणात गिअरमध्ये राहू द्या, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून गोटे लावा, आणि चावी घरातल्या कोणाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

— दुकानमालक