दिओनिसियसबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

पौलाचा शिष्य, अथेन्सचा दिओनिसियस याच्या नावावरचे ख्रिस्ती ग्रंथ त्याचे नसून नंतरच्या कोणा अनामिक लेखकाचे आहेत, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘चर्चने हजार वर्षं मानलेल्या दिओनिसियसला तोतया ठरवणं हा चर्चद्वेष्ट्यांकडून उसना घेतलेला उथळपणा आहे.’ पुढे मध्ययुगीन धर्मपंडित अक्वायनस, देवदूत आणि माझं शुद्धलेखन यांवरही बरंच काही. शुद्धलेखनाचं राहू द्या. पंधराव्या शतकात याच ग्रंथांवर शंका घेणाऱ्या लोरेन्झो व्हाला या विद्वानाचा उल्लेख लेखात हवा होता, ही तुमची सूचना मात्र रास्त आहे.

पण ‘चर्चद्वेष्टे’? मतभेद असू द्या, ही भाषा कशासाठी?

या ग्रंथांवर पहिली शंका कोणी घेतली ते पाहा. 532 साली कॉन्स्टँटिनोपलच्या वादसभेत विरोधी पक्षाने दिओनिसियसचा दाखला दिला, तेव्हा इफिससचे बिशप हिपाशियस यांनी विचारलं की हे ग्रंथ खरोखर त्याचे असते, तर जुन्या धर्मपित्यांना ते ठाऊक कसे नव्हते? बिशप होते ते! आणि 1895 मध्ये ज्या दोघांनी स्वतंत्रपणे पुरावा मांडला, त्यांतले श्टिग्लमायर जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मसंघातलेच होते. दुष्टत्वाला स्वतःचं अस्तित्व नाही, हे यांपैकी ‘दैवी नामे’ या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायातलं विवेचन ग्रीक तत्त्वज्ञ प्रॉक्लसच्या लेखनावरून घेतलेलं आहे, असं त्यांनी वाक्यांशेजारी वाक्यं ठेवून दाखवलं. प्रॉक्लस वारला 485 साली. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सतराव्या अध्यायात पौलाचं ऐकून विश्वास ठेवणारा अथेन्सचा दिओनिसियस पहिल्या शतकातला. आता हा हिशेब तुम्हीच जुळवून दाखवा.

राहिला उथळपणा. मी वसईतल्या कॅथलिक घरात वाढलो. देवदूतांचे नऊ वर्ग आजीने तोंडपाठ करून घेतले होते, कोणत्याही पाश्चात्त्य प्राध्यापकाचं नाव कानावर पडण्याच्या कितीतरी आधी. ती नऊची मांडणी युरोपभर रुजली ती याच अनामिक लेखकामुळे, हे पुढे कळलं तेव्हा माझी श्रद्धा डळमळली नाही. उलट त्याच्याबद्दलचा आदर वाढला. पौलाच्या शिष्याचं नाव घेतलं नसतं तर त्याला इतकं कोणी वाचलं नसतं, हे खरं. पण देव आपल्या प्रत्येक शब्दापलीकडे आहे, हे त्याने ज्या ताकदीने लिहिलं ती ताकद त्याची स्वतःची आहे. लेखात मी हेच म्हटलं होतं. तुम्ही ‘तोतया’पाशीच थांबलात.

अक्वायनसने ‘दैवी नामे’वर भाष्य लिहिलं हे मला ठाऊक नाही, असं तुम्ही गृहीत धरलंत. ते माझ्याच लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. पुढची प्रतिक्रिया तो वाचून लिहा.