ड्रॅगनला पूररेषा लागू आहे का?

आमच्या कंपूत देव व्हायची पाळी माझ्यावर आली, कारण फासे माझे आहेत. चार बाजूंच्या फाशापासून वीस बाजूंच्या फाशापर्यंत सात फाशांचा संच मी हौसेनं मागवला. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग हा गल्लीचा कायदा, पण या खेळात ज्याचे फासे त्याची हमाली.

ज्यांना अजून ही लागण झालेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर, त्या जगाचा देव. तो सांगतो, ‘समोर गुहा आहे, आतून गुरगुर ऐकू येतेय.’ बाकीचे आपण काय करतो ते सांगतात आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावानं हा प्रकार बाजारात आणला. पहिल्या छपाईच्या प्रती जेमतेम हजार. गायगॅक्स आधी विम्याच्या धंद्यात होता आणि ती नोकरी गेल्यावर बूट दुरुस्त करायचा. प्रत्येक संकटाला आकडा चिकटवायची खोड विम्यातलीच असणार, असं माझं आपलं मत.

तर नवीन कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठक चालणारी नवी गोष्ट, सुरू करायचं होतं. आधीच्यात आमचा मांत्रिक पुलावरून पडून मेला होता आणि तो अजून माझ्याशी नीट बोलत नव्हता. नवं जग सगळ्यांनी मिळून ठरवू, असं मी म्हणालो. लोकशाही! गच्चीवर सतरंजी पडली, भडंगाचं पातेलं आलं, वर बारीक चिरलेला कांदा. हजर मंडळी: आतेभाऊ, जो औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे आणि खेळात पुजारी असतो, बेदाण्याचे व्यापारी असलेले आमचे शेठ, खेळात चोर, आणि कॉलेजातली भाची, कुऱ्हाडवाली योद्धा. वर रुसलेला मांत्रिक.

मी पहिली कल्पना मांडली बर्फाच्या राज्याची. बारा महिने हिमवादळ, गोठलेला राजवाडा, निळ्या डोळ्यांचे लांडगे. सांगलीत डिसेंबरात पंखा तीनवरून एकवर आणला की थंडी पडली असं धरतात. त्यामुळे सगळे सहानुभूतीनं ऐकत होते, एवढंच.

“द्राक्षं गेली असतील रे सगळी,” शेठ म्हणाले. “पंचनामे झाले का?”

हवेत तरंगणारी बेटं आतेभावानं दोन वाक्यांत पाडली. खालून वर माल कोण नेणार आणि भाडं कोण देणार, एवढंच त्यानं विचारलं. ज्याचा निम्मा जन्म मोटरसायकलवर सॅम्पलची बॅग सांभाळत जातो, त्याला तरंगण्याचं कौतुक नसतं.

मग मी हुकमाचं पान काढलं. रात्र रात्र जागून काढलेला नकाशा. मधून वळणं घेत जाणारी नदी, काठावर राजधानी, जुना दगडी पूल, पलीकडे जंगल आणि नदीकाठच्या बुरुजाखाली सोन्याच्या राशीवर निजलेला ड्रॅगन. एल्फ नावाच्या परीकथेतल्या जमातीची भाषा तयार होती, राजाच्या सात पिढ्या तयार होत्या, तीन चंद्रांच्या ग्रहणांचं कोष्टकसुद्धा होतं.

सगळे नकाशावर वाकले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं, जिंकलं.

“पाणी कितीपर्यंत येतं?” भाचीनं विचारलं.

“कसलं पाणी?”

“मामा, नदी आहे ना? मग पाणी येणार.”

इथून पुढं माझ्या हातात काही राहिलं नाही. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे हे आमच्याकडं पावसाळ्यात रामराम म्हणायच्या आधी विचारतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर सांगलीकर परक्या गावात गेला तरी आधी नदीकडं बघतो आणि मग तळमजल्याकडं. भाचीनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि राजधानीवर दोन तुटक रेषा ओढल्या. राजवाडा, शस्त्रागार आणि तिन्ही मंदिरं रेषेच्या आत गेली.

“ड्रॅगन तर पहिल्याच पावसात जाईल,” मांत्रिक बोलला. रुसवा संपला होता, पण कशावर!

“त्याचं सोनं माळ्यावर ठेवा,” शेठ म्हणाले. “आणि वरच्या अंगाला धरण आहे का? विसर्ग किती सोडतात?”

“धरण नाही. हे काल्पनिक जग आहे.”

“बरं, खालच्या राज्यात?”

मी भाबडेपणानं म्हणालो, खाली एक वैरी राजा आहे खरा. झालं! त्यानं धरण बांधलंय, तो दारं उघडत नाही, फुगवटा आपल्याकडं चढतोय असं एकमतानं ठरलं. भडंगाचं पातेलं रिकामं होईपर्यंत कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा अख्खा वाद माझ्या एल्फांच्या मुलखात शिरला होता. एल्फांनी लवादाकडं जावं की मोर्चा काढावा, यावर मतदानही झालं. मोर्चा जिंकला. तीन चंद्रांबद्दल आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

आई वाळलेले कपडे काढायला वर आली होती. तिनं नकाशा डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

“सोनं जमिनीखाली ठेवायचंय ना? मग हरिपूरला पेवं होती की.”

आता हे मला सुचायला हवं होतं, पण घरातलं भांडं घरात सापडत नाही. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, सांगलीला लागून असलेलं गाव. तिथं व्यापारी हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं आणि चांगलं खोल. तोंड मातीनं लिंपून टाकलं की आत प्राणवायू उरत नाही. मग किडा जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, काही तास तसंच ठेवायचं. मग कंदील सोडायचा. तो विझला तर माणूस उतरत नाही. 2005 च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं खाल्ली.

माझ्या अंगावर काटा आला. या खेळाच्या जन्मापासून माणसं भुयारांत उतरताहेत. आर्नेसनच्या ब्लॅकमूर या काल्पनिक जगातसुद्धा किल्ल्याखाली भुयारंच होती. आणि इथं रिक्षानं जाता येईल एवढ्या अंतरावर श्वास रोखणारं, न दिसता मारणारं, पिवळ्या धुळीनं भरलेलं डंजन! नकाशा फाडला. नवं जग ठरलं: शेकडो पेवांचं गाव, त्यातल्या एकात ड्रॅगन, कोणत्या ते माहीत नाही.

पहिल्या सेशनला मी दिवे मंद केले, आवाज खाली आणला. “लिंपण फोडलंत. आत काळोख. हळदीचा उग्र वास. खोल कुठंतरी काहीतरी हललं.”

“आम्ही तीन तास थांबतो,” पुजारी म्हणाला.

“मग कंदील सोडतो,” भाची.

कंदील विझला. सगळे पुन्हा थांबले. पुन्हा सोडला. तिसऱ्या पेवापर्यंत कंदिलाचं तेल संपलं म्हणून मंडळी बाजारात गेली आणि तिथं भाव करत बसली. ड्रॅगनला शेवटी मीच वर आणला. कुणीतरी भेटायला येईल म्हणून त्यानं तरी किती वाट बघायची? पंख पसरून, नाकातून धूर सोडत तो उभा राहिला आणि मी गरजलो, “कोण आहे रे तिकडं!”

भाचीनं कुऱ्हाड उचलली. शेठनी तिला हातानं थांबवलं. खिशातला खराखुरा रुमाल काढून टेबलावर पसरला, बैलबाजारात दलाल पसरतात तसा, आणि त्याखाली हात घालून माझ्याकडं बघत बसले.

“हे काय?”

“सौदा. ड्रॅगनला म्हणावं, घाल हात.”

नियमांच्या तिन्ही पुस्तकांत रुमालाची सोय नाही. मी हात घातला. शेठनी माझी दोन बोटं दाबली. वीस बाजूंचा फासा टाकायला लावला, तर पडला वीस, म्हणजे सगळ्यात भारी. आता वीस पडल्यावर डीएमनं काय करायचं? ड्रॅगननं अख्खं पेव दिलं.

“सोन्याचं नंतर बघू,” शेठ वहीत लिहीत म्हणाले. “हळद कुठली आहे ते विचार. राजापुरी की सेलम?”